मुंबईचे फिरोजशहा

मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीपुढे फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. या नगरीच्या कारभारासाठी त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे वेचली.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतच झाला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन १८६८ साली ते परतले, तेव्हा शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज आयुक्ताच्या हाती होता. त्याने शहर स्वच्छ केले, मोठी मंडई उभारली; परंतु पैसा पाण्यासारखा खर्च केला. करदाते खवळले. १८७१ साली भरसभेत तरुण फिरोजशहांनी निराळेच मत मांडले. दोष एकट्या क्रॉफर्डचा नव्हे. लोकांनी निवडलेले प्रतिनिधीच जिथे नाहीत, त्या व्यवस्थेचा तो दोष आहे, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोत्यांना ते मुळीच रुचले नाही. पण १८७२ साली नवा कायदा झाला आणि चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले.

महापौराला त्या काळी अध्यक्ष म्हणत. हे पद फिरोजशहांनी चार वेळा भूषविले. अधिकाऱ्यांचा हिशेब ते डोळ्यांत तेल घालून तपासत. मग त्यांना ते कसे आवडावेत? १९०७ साली काही इंग्रज अधिकाऱ्यांनी गट बांधून त्यांना पाडण्याचा घाट घातला. जागा सोळा होत्या आणि फिरोजशहा सतरावे आले! पुढे निवडून आलेल्यांपैकी एकजण अपात्र ठरला, आणि ते पुन्हा आपल्या जागी येऊन बसले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ते सभासद होते.