पाळक म्यूलेनबर्ग व मंडळीची नोंदवही

हेन्री मेल्किऑर म्यूलेनबर्ग ह्यांचा जन्म जर्मनींतील आइनबेक गांवीं १७११ सालीं झाला. हाल्ले येथील अनाथगृहांत शिक्षकाचें काम केल्यावर १७४२ सालीं ते पाळक होऊन अमेरिकेंतील पेनसिल्वेनिया प्रांतीं गेले. तेथें त्यांचे हजारों गरीब देशबांधव जाऊन राहिले होते. फिलाडेल्फिया बंदरीं उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून १७२७ पासून राजनिष्ठेची शपथ घेऊन त्यांची यादी करीत. बायकामुलांचीं नांवें तींत बहुधा नसत. म्यूलेनबर्ग मात्र गांवोगांवच्या मंडळ्यांत फिरून बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु ह्यांच्या नोंदी ठेवीत. १७४५ सालीं प्रसिद्ध दुभाषी कॉनराड वायझर ह्यांची कन्या आन्ना मारिया हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. १७८७ सालीं ते ट्रॅप गांवीं निवर्तले. त्यांचा पुत्र फ्रेडरिक १७८९ सालीं अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेचा पहिला अध्यक्ष झाला.

थोरांचीं नांवें इतिहासांत राहतात. मजुराच्या लेकराचें नांव मंडळीच्या वहींत राहिलें. त्या लोकांचे वंशज आज आपलें कूळ शोधूं लागले म्हणजे जहाजाच्या यादींत नसलेली पणजी त्यांस ह्या वहींत आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्यापाशीं भेटते. म्हणून, उपदेशक बंधूंनो, नोंद करितांना आईचें नांव गाळूं नये, अशी आमची विनंती आहे.