देकार्त आणि खोटीं मूळें

वर्गसमीकरण सोडवितांना एक उत्तर ऋण आलें कीं, पुष्कळ विद्यार्थी त्यावर काट मारून मोकळे होतात. कारण विचारलें तर तें उत्तर खरें वाटत नाहीं, असें सांगतात. त्यांनीं फारसें लाजूं नये. ज्या थोर पुरुषाच्या श्रमांमुळें आपण आज समीकरणाचें चित्र कागदावर काढतों, त्यानेंहि अशा मुळांस खोटीं असेंच नांव दिलें होतें. तो पुरुष म्हणजे रने देकार्त.

त्याचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजीं फ्रान्स देशांतील ला हे या लहानशा गांवीं झाला. तो जेमतेम वर्षाचा झाला होता, तोंच त्याची आई वारली. मूल अशक्त होतें. पुढें ला फ्लेश येथील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयांत त्यास घातलें, तेव्हां गुरुजनांनीं त्याच्या प्रकृतीकडे पाहून त्यास सकाळीं उशिरापर्यंत अंथरुणांत पडून राहण्याची मोकळीक दिली. दुसऱ्या एखाद्यानें ही सवलत आळसांत घालविली असती. देकार्तनें ती चिंतनांत घालविली. ही संवय त्यास जन्मभर राहिली. सर्व विद्यांत गणित त्यास विशेष प्रिय होतें, कारण त्यांत प्रत्येक पाऊल सिद्ध करावें लागतें.

१६१६ सालीं कायद्याची पदवी घेऊन १६१८ सालीं तो हॉलंडांत सैन्यांत शिरला. ब्रेडा येथें आयझाक बेकमन या विद्वानाशीं त्याची गांठ पडली व गणिताची ओढ पुन्हां जागी झाली. १६२८ सालीं तो हॉलंडांतच राहावयास गेला. १६३३ सालीं गॅलिलिओस शिक्षा झाल्याचें ऐकून त्यानें आपला विश्वविषयक ग्रंथ छापण्याचें टाळलें. मात्र १६३७ सालीं लायडन येथें त्याचा विचारपद्धतीवरील ग्रंथ निघाला. त्यास जोडलेल्या तीन निबंधांपैकीं एक भूमितीवर होता.

त्या निबंधानें भूमिति व बीजगणित यांची सोयरीक जुळविली. बिंदूचें स्थान संख्यांनीं सांगतां येतें, म्हणून वक्ररेषा समीकरणानें लिहितां येते, ही ती कल्पना. पिएर द फर्मा यासहि ती त्याच सुमारास स्वतंत्रपणें सुचली होती. आपल्या वर्गांतील उदाहरण घेऊं: य = क्ष² − क्ष − ६. क्ष शून्य धरल्यास य = −६; तेथें वक्ररेषा उभ्या अक्षास छेदते. य शून्य धरल्यास (क्ष − ३)(क्ष + २) = ०; म्हणून आडव्या अक्षास ती ३ आणि −२ या दोन ठिकाणीं छेदते. देकार्तच्या भाषेंत ३ हें खरें मूळ, −२ हें खोटें. य = क्ष² − २क्ष + ५ ही रेषा तर आडव्या अक्षास शिवतच नाहीं; तसल्या मुळांस काल्पनिक हें नांव त्यानेंच दिलें.

आपण काढतों तसे दोन्ही बाजूंस वाढविलेले अक्ष देकार्तच्या पुस्तकांत नाहींत. त्याच्या मागून आलेल्यांनीं ते शून्याच्या डावीकडेहि नेले, आणि मग −२ हा बिंदु ३ इतकाच स्पष्ट दिसूं लागला. खोटें म्हटलेलें मूळ अशा रीतीनें त्याच्याच पद्धतीनें खरें ठरलें.

१६४० सालीं त्याची पांच वर्षांची कन्या फ्रान्सीन वारली. त्याचें दुःख त्यास फार झालें. १६४९ सालीं स्वीडनची राणी क्रिस्टिना हिनें त्यास स्टॉकहोम येथें बोलाविलें. तेथें ऐन हिवाळ्यांत पहांटे पांच वाजतां तिला शिकविण्यास जावें लागे. फुफ्फुसाच्या दाहानें ११ फेब्रुवारी १६५० रोजीं त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, यापुढें ऋण उत्तर आलें तर काट मारण्यापूर्वीं तें समीकरणांत घालून पाहा. ४ + २ − ६ = ०. पटत नाहीं म्हणून कोणतेंहि उत्तर टाकूं नये. पडताळून मगच टाकावें.