नांगरवाले लक्ष्मणराव



माझे बाबा मेकॅनिक आहेत. सोलापूर रस्त्याला, मांजरीजवळ त्यांचं छोटं गॅरेज आहे. जुने ट्रक, ट्रॅक्टर, कधी रस्ता दाबायचा रोलरसुद्धा तिथे दुरुस्तीला येतो. बाबांचे हात कायम काळे असतात. कितीही साबण लावला तरी नखांतलं ऑईल जात नाही.

गॅरेजच्या कोपऱ्यात आमच्या आजोबांचे ऑईल इंजिन आहे. पूर्वी ते आमच्या विहिरीवर चालायचे. विजेची मोटार आली आणि त्याचे काम संपले. पण दर दिवाळीला बाबा ते पुसतात, तेल घालतात आणि हँडल मारून सुरू करतात. टुक टुक आवाज आला की आजोबा खाटेवर उठून बसतात. त्या इंजिनावर किर्लोस्कर हे नाव आहे. हे किर्लोस्कर कोण, असे मी बाबांना विचारले. बाबांनी थोडे सांगितले, आणि बाकीचे मी शाळेच्या कपाटातल्या पुस्तकात वाचले. तेच इथे लिहितो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. त्यांना चित्रे काढायला आणि यंत्रे बघायला आवडे. म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. पण पुढे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंग कळले नाहीत तर कसे व्हायचे? दुसरा कोणी असता तर रडत घरी गेला असता. लक्ष्मणराव यंत्रांची चित्रे काढायला शिकले, कारण त्याला रंग लागत नाही. नंतर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले.

त्या वेळी सायकल हीच मोठी नवलाई होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला थोरले भाऊ रामुअण्णा यांच्याकडे पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. १८८८ साली बेळगावला सुरू झालेले हे सायकलचे दुकान म्हणजे किर्लोस्करांच्या धंद्याची सुरुवात. आज एवढे मोठे नाव आहे, पण सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली बघा!

मुंबईत लक्ष्मणरावांची बढतीची पाळी आली, पण बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. मास्तरकीची पांढरपेशी नोकरी सोडून त्यांनी लोखंडात हात घातले. कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला.

नांगर झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, असे तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना वाटे. पहिले नांगर विकायला सुमारे २ वर्षे लागली. पण लाकडी नांगरापेक्षा हा खोल जातो आणि हरळी मुळासकट उपटतो, हे शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा मागणी वाढली. आमच्या आजोबांकडेही लोखंडी नांगर होता. त्याचा फाळ झिजला की तेवढाच बदलायचे, नांगर तोच राहायचा.

एवढ्यात दुसरे संकट आले. बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली. आता यंत्रे घेऊन जायचे कुठे? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्जही दिले. जमीन म्हणजे नुसता माळ. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपले कामगार आणि त्यांची बायकापोरे घेऊन तिथे राहायला गेले. सगळ्यांनी मिळून निवडुंग तोडला, घरे बांधली, कारखाना उभा केला. तीच किर्लोस्करवाडी. पुढे त्या स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

तिथे शिवाशीव पाळायची नाही, असा नियम होता. तुरुंगातून सुटलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. शाळेत फार न शिकलेली माणसे तिथे काम करता करता कसबी कारागीर झाली. १९२० साली कारखान्याचे एक छोटे खबरपत्रही निघाले. तेच पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या भित्तिपत्रिकेसारखीच त्याचीही सुरुवात लहान होती!

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड, दगडी कोळसा, रंग सगळे मिळेनासे झाले. भट्टी बंद पडायची वेळ आली. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरला. आणि लोखंड? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना जुन्या तोफा दिल्या. त्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडाने माणसे मारायची, त्याच लोखंडाने जमीन नांगरली.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. तर बाबा हसले आणि त्यांनी मला ट्रकचा एक मोडका पाटा दाखवला. ट्रकचे ओझे पेलायचे पाटे पोलादाचे असतात. ते मोडले की लोहार घेऊन जातात आणि तापवून, ठोकून त्यांचे ऊसतोडीचे कोयते करतात. मी इतकी वर्षं गॅरेजमध्ये खेळतो, पण हे मला माहीतच नव्हतं.

लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून पुढे पुष्कळ यंत्रे निघाली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी काढली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यानंतर २ वर्षांनी, १९५८ साली, आपल्या शेजारच्या हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी सुरू झाली. १९६९ साली लक्ष्मणरावांच्या जन्माला १०० वर्षे झाली, तेव्हा सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

शेवटी एक खरं सांगतो. गेल्या वर्षी शाळेत पालकसभा होती. तिची चिठ्ठी मी बाबांना दिलीच नाही, दप्तरातच ठेवली. बाबांचे काळे हात बघून मुलं हसतील, असं मला वाटलं. सभेला सगळ्यांचे आईवडील आले, माझं कोणीच आलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, की बाबा परगावी गेलेत. बाबा तर गॅरेजमध्येच होते.

लक्ष्मणरावांनी खडूचे हात सोडून तेलाचे हात पत्करले. ते शिकवायचे सोडून लोखंडात उतरले नसते, तर आमच्या विहिरीवर ते इंजिन आलेच नसते. ते वाचल्यापासून मला माझीच लाज वाटते.

या वेळची चिठ्ठी मी बाबांना पहिल्याच दिवशी दिली. आज ते इथे तुमच्यातच उभे राहून हे वाचत असतील. त्यांचे हात बघा, लगेच ओळखू येतील. तेच माझे बाबा आहेत. तुमचा ट्रॅक्टर बिघडला तर त्यांना जरूर सांगा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी