पाऱ्याचा थेंब आणि गाब्रिएल लिपमन

जमिनीवर सांडलेला पारा तुम्हांपैकीं कांहींनीं पाहिला असेल. तो पाण्याप्रमाणें पसरत नाहीं. गोळ्या होऊन इकडे तिकडे पळतो. अशाच एका थेंबानें ज्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली, त्या गाब्रिएल लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहें.

लिपमन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४५ रोजीं लक्झेंबुर्ग देशांत झाला. घराण्याचा हातमोजे तयार करण्याचा धंदा होता. १८४८ सालीं हें कुटुंब पॅरिसला आलें. गाब्रिएलचें पहिलें शिक्षण घरींच, आईपाशीं झालें. तेराव्या वर्षीं तो शाळेंत दाखल झाला, व १८६८ सालीं एकोल नॉर्मल या नामांकित विद्यालयांत त्यास प्रवेश मिळाला. तेथें मात्र त्याची कीर्ति फारशी झाली नाहीं. जो विषय आवडे त्यांत तो तन्मय होई. जो आवडत नसे त्याकडे खुशाल दुर्लक्ष करी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षक होण्याचा अधिकार देणाऱ्या परीक्षेंत तो नापास झाला. (हें वाचून कोणीं वार्षिक परीक्षेची तयारी सोडूं नये, इतकी विनंती वर्गशिक्षक या नात्यानें करणें मला भाग आहे.)

तथापि १८७३ सालीं, जर्मनींतील शास्त्रशिक्षणाच्या पद्धति पाहून येण्याकरितां फ्रेंच सरकारनें जी मंडळी पाठविली, तींत या नापास तरुणाची निवड झाली. हायडेलबर्ग येथें क्यूने नांवाच्या शरीरशास्त्रज्ञांनीं त्यांस एक साधा प्रयोग दाखविला. सौम्य गंधकाम्लांत पाऱ्याचा थेंब ठेवून त्यास लोखंडी तारेचा स्पर्श केला कीं थेंब आकसे. तार काढली कीं पूर्ववत् होई. पाहणाऱ्यांनीं ही एक गंमत म्हणून पाहिली असती व विसरली असती. लिपमन यांनीं विचार केला कीं, येथें विजेनें पाऱ्याच्या पृष्ठभागाचा ताण बदलत असला पाहिजे. त्यांनीं तो ताण मोजला, त्याचा नियम बसविला, आणि त्याच तत्त्वावर अत्यंत सूक्ष्म विद्युद्दाब मोजणारें केशनलिकेचें यंत्र तयार केलें. याच विषयावरील प्रबंधास १८७५ सालीं पॅरिस येथें डॉक्टरची पदवी मिळाली. पुढें १८८७ सालीं लंडनमध्यें वॉलर यांनीं याच यंत्रानें मनुष्याच्या हृदयाच्या विजेची नोंद प्रथम घेतली.

१८८३ सालीं ते पॅरिसच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले. शिक्षकाची परीक्षा न उतरलेला मनुष्य प्राध्यापकांच्या आसनावर बसला! मारी क्यूरी यांस आरंभीं त्यांच्याच प्रयोगशाळेंत जागा मिळाली, व १८९८ च्या एप्रिलमध्यें त्यांचा किरणोत्सर्गावरील पहिला निबंध लिपमन यांनींच अकादमीपुढें ठेविला.

त्यांची मोठी कीर्ति झाली ती रंगीत छायाचित्रांनीं. त्यांतहि पारा होताच. कांचेवर अत्यंत बारीक कणांचा लेप, व त्या लेपास लागून पाऱ्याचा आरसा. आंत शिरलेला प्रकाश पाऱ्यावरून मागें फिरे. येणाऱ्या व परतणाऱ्या लाटा मिळून लेपांत चांदीचे थरावर थर उमटत. पुढें त्या कांचेवर पांढरा प्रकाश पडला कीं मूळचे रंग जसेच्या तसे दिसत. साबणाच्या फुग्यावर दिसतात त्याप्रमाणें, रंगद्रव्याचा एक कणहि न वापरतां. हा शोध त्यांनीं १८९१ सालीं जाहीर केला. परंतु चित्र घेण्यास वेळ फार लागे, तें विशिष्ट कोनांतूनच दिसे, आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे. १९०७ सालीं ल्यूमिएर बंधूंच्या सोप्या रंगीत कांचा बाजारांत आल्या, आणि पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, लिपमन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. व्यवहारांत मागें पडलेल्या पद्धतीचा असा गौरव झाला, हें मला तरी योग्यच वाटतें.

१३ जुलै १९२१ रोजीं, अमेरिका खंडांतून परततांना भर समुद्रांत आगबोटीवर त्यांचें देहावसान झालें.

परंतु तो थेंब पुढें चालतच राहिला. पाण्यास थेट वीज दिली असतां थोड्याशा दाबानेंच पाण्याचें पृथक्करण होऊं लागतें. ही अडचण होती. १९९३ सालीं ब्रुनो बेर्ज या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं पाणी व धातु यांमध्यें विद्युद्रोधक पातळ पापुद्रा ठेवून ती दूर केली. आतां लहानशा डबींत पाणी व तेल एकावर एक ठेवितात. वीज कमीजास्त केली कीं दोहोंमधील सीमेचा बांक बदलतो, आणि तीच सीमा भिंगाचें काम करिते. कॅमेऱ्यांत दूरची वस्तु जवळ आणण्यासाठीं कांचेचीं भिंगें पुढेंमागें सरकवावीं लागतात. अशीं दोन द्रवभिंगें असलीं तर कांहींच न हलवितां, केवळ त्यांचा बांक बदलून तें साधतां येतें. दिव्याचा झोत पसरट किंवा निमुळता करण्यासहि हीच युक्ति चालते. वस्तूंवरील पट्टीदार खुणा वाचणाऱ्या कारखान्यांतील यंत्रांत अशीं भिंगें बसविलेलीं असतात. त्यांत पारा नाहीं, गंधकाम्ल नाहीं. मात्र विजेनें पृष्ठभागाचा ताण बदलतो हें तत्त्व हायडेलबर्गच्या त्या थेंबाचेंच आहे.