हप्तेबंदीची गिटार : जिमी हेंड्रिक्सचे अल्पचरित्र

जठारपेठेतील कित्येक घरांत पूर्वी वाद्य म्हणजे हार्मोनियम किंवा तबल्याची जोडी, असा संकेत होता. अलीकडे त्या जागी गिटार आली आहे, आणि तीही विजेवर चालणारी. स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ येऊ लागले की आठवी-नववीतला मुलगा घरी हट्ट धरतो, वडील किमतीचा आकडा ऐकून गप्प होतात आणि आई मध्यस्थी करिते. हा प्रसंग आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. म्हणून येथे अशा एका मुलाचे चरित्र सादर करीत आहो की, ज्याच्या घरी हाच प्रश्न आपल्यापेक्षा फार बिकट स्वरूपात उभा राहिला होता.

जिमी हेंड्रिक्स याचा जन्म 27 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिअ‍ॅटल शहरी झाला. जन्मसमयी ठेविलेले नाव जॉनी अ‍ॅलन. 1946 साली वडिलांनी ते बदलून जेम्स मार्शल असे केले. मुलगा जन्मला तेव्हा वडील अ‍ॅल हेंड्रिक्स महायुद्धानिमित्त सैन्यात होते, व पुत्रमुख त्यांनी पाहिले ते मूल जवळजवळ तीन वर्षांचे झाल्यावर. कुटुंब कृष्णवर्णीय आणि निर्धन. 1951 साली आईबाप कायद्याने विभक्त झाले, आणि 1958 च्या फेब्रुवारीत आई वारली. अ‍ॅल हे लोकांच्या बागा राखणे, गवत कापणे, अडगळ उचलणे अशी मिळतील ती कामे करून संसार चालवीत. बिऱ्हाड वारंवार बदलावे लागे. अशा घरात संगीताचे वाद्य हा खर्चाचा विषयच होऊ शकत नव्हता.

तरीही मुलाच्या हाताला वाद्य हवे होते. ते नव्हते म्हणून त्याने झाडू धरला. प्राथमिक शाळेत असता तो झाडू छातीशी तिरपा घेऊन गिटारीसारखा वाजविण्याचा अभिनय करी, आणि हा छंद एकदोन दिवसांचा नव्हता. वर्ष उलटले तरी झाडू सुटेना. शाळेत मुलांच्या घरगुती अडचणी पाहण्यासाठी नेमलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या हे लक्षात आले. गरीब मुलांसाठी शाळेकडे असलेल्या निधीतून या मुलास एक गिटार घेऊन द्यावी, न दिल्यास त्याच्या मनावर अनिष्ट परिणाम होईल, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. निधी मिळाला नाही, आणि वडिलांनीही नकार दिला. झाडू हातात धरणाऱ्या मुलाला खोडकर न समजता त्याच्या वतीने अर्ज लिहिणारी ती बाई, अर्ज फेटाळला गेला तरी, आम्हास या चरित्रातील मोठी व्यक्ती वाटते.

1957 साली बापलेक एका वृद्ध स्त्रीच्या घरची अडगळ काढीत असता त्या पसाऱ्यात जिमीला एक युकुलेली सापडली. युकुलेली म्हणजे गिटारीच्या जातीचे, पण आकाराने लहान असे चार तारांचे वाद्य. हिला एकच तार उरली होती. घरधनिणीने ती खुशाल ने म्हणून सांगितले. त्या एका तारेवर तो एल्व्हिस प्रेस्ली या तत्कालीन लोकप्रिय गायकाच्या गाण्यांचे सूर कानाने शोधून काढू लागला. एकतारीची परंपरा असलेल्या आपल्या प्रांतात हे कोणास नवल वाटू नये. तुकडोजी महाराजांनी नुसत्या खंजिरीवर वऱ्हाडातील गावेच्या गावे जागविली, ती खंजिरी काही मौल्यवान वाद्य नव्हे.

पुढच्याच वर्षी, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याला पाच डॉलरना एक जुनी साधी गिटार मिळाली. पाच डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे चोवीस रुपये. मुलगा डावखुरा होता आणि गिटार उजव्या हाताची. डाव्या हातासाठी बनविलेले वाद्य त्या काळी दुकानात क्वचितच दिसे. त्याने तारा काढून उलट क्रमाने लाविल्या आणि वाद्य उलटे धरले. वडिलांना मुलाचा डावखुरेपणा पसंत नव्हता, म्हणून ते जवळ असले की तो उजव्या हातानेही वाजवी, असे सांगतात. स्वरलिपी वाचावयास तो शिकला नाही, तेव्हाही नाही व पुढे कीर्ती मिळाल्यावरही नाही.

थोड्याच दिवसांत सोबत्यांचा एक वाद्यवृंद जमला. येथे नवीन अडचण उत्पन्न झाली. इतर वाद्यांच्या गजरात साध्या गिटारीचा आवाज कोणाच्या कानीच पडेना. सुमारे तीन महिने त्याने तशीच खटपट केली, आणि मग त्याची खात्री झाली की आपणास इलेक्ट्रिक गिटारच हवी. हा मुलगा मोठ्या वाद्याचा हट्ट धरीत होता खरा, पण त्यामागे दाखविता येण्याजोगे कारण होते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. एकट्याने खोलीत बसून शिकणाऱ्यास हे कारण लागू पडत नाही. त्याचे काम साध्या गिटारीवर पुष्कळ दिवस भागते.

दोहोंतील भेद थोडक्यात असा. साध्या गिटारीचे धड पोकळ असते. तारांचा कंप घोडीवाटे वरच्या पातळ फळीत उतरतो आणि आतील पोकळीमुळे आवाज भरदार होतो. इलेक्ट्रिक गिटारीचे धड बहुधा भरीव असते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार हलली की त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व तो ध्वनिवर्धकात जाऊन तेथे नाद होतो. अर्थात ध्वनिवर्धकावाचून हे वाद्य जवळजवळ मुके आहे. कित्येक पालक सगळी पुंजी गिटारीवर घालतात आणि घरी आणल्यावर त्यांना हे उमगते.

1959 च्या मध्यास अ‍ॅल हेंड्रिक्स यांनी अखेर मन बदलले. सिअ‍ॅटलमधील वाद्यांच्या दुकानातून त्यांनी मुलासाठी पांढऱ्या रंगाची सुप्रो ओझार्क नावाची गिटार हप्तेबंदीने घेतली. किंमत सुमारे नव्वद डॉलर. शिकागो येथील व्हॅल्को कंपनीची ही साधीसुधी गिटार. तिच्यात चुंबकाची गुंडाळी एकच. त्याच वेळी, मुलाबरोबर आपणही काही वाजवावे या हौसेने, वडिलांनी स्वतःसाठी एक सॅक्सोफोनही हप्त्यावर आणला. बापलेक काही दिवस दोघेही वाजवीत बसत. परंतु माळीकामाच्या मिळकतीत दोन वाद्यांचे हप्ते भागेनात. दोहोंपैकी एक परत करणे प्राप्त झाले, तेव्हा वडिलांनी सॅक्सोफोन दुकानात नेऊन दिला आणि गिटार ठेविली. या गोष्टीचा त्यांनी फारसा गवगवा केल्याचे दिसत नाही. हप्ता भरणारा मनुष्य आधी आपली हौस परत करितो, हे आमच्याकडील घरांतही घडते व तेथेही त्याची वाच्यता होत नाही.

ध्वनिवर्धक मात्र घेतला गेला नाही. तितकी ऐपतच नव्हती. जिमी मित्रांच्या ध्वनिवर्धकाला आपली गिटार जोडी. याचा एक परिणाम असा झाला की वाजवावयाचे तर चारचौघांत जाऊनच वाजवावे लागे.

आता आमच्या वाचकांसाठी दोन शब्द. आज नवशिक्यासाठी असलेल्या नव्या इलेक्ट्रिक गिटारीस साधारणतः दहा ते वीस हजार रुपये पडतात, आणि घरी सराव करण्याच्या लहान ध्वनिवर्धकास त्याखेरीज काही हजार. याशिवाय जोडतार, तारांचा जादा संच, गळ्यात अडकविण्याचा पट्टा. तेव्हा जवळ असलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढून उरलेल्या पैशांतच गिटार पाहावी. ध्वनिवर्धक लहानच घ्यावा. हेडफोन लावण्याची सोय असली म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी दुवा देतील. जुने वाद्य मिळत असेल तर त्यास नाके मुरडू नयेत, परंतु जाणत्यास बरोबर न्यावे. दांडी डोळ्यासमोर धरून ती बाकलेली नाही ना हे पाहावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कोठे खरखर किंवा मुका सूर निघाल्यास तेथील पडदा झिजला किंवा उचलला आहे असे समजावे. तार सुरात लावून पाच-दहा मिनिटे वाजवावी व खुंट्या तिला धरून ठेवितात की नाही हे तपासावे. बटणे फिरविताना कडकड होत असेल तर तो दोष बहुधा किरकोळ असतो व भाव उतरविण्यास उपयोगी पडतो. रंग आणि झिलई यांना मात्र शेवटचे स्थान द्यावे. दुकानात मुलांचे डोळे नेमके तेथेच प्रथम जातात, आणि दुकानदारासही हे ठाऊक असते.

जिमीचा पहिला जाहीर कार्यक्रम सिअ‍ॅटलमधील एका ज्यू प्रार्थनामंदिराच्या दालनात झाला. तेथे त्याने इतके हावभाव केले की मध्यंतरातच त्याला वाद्यवृंदातून काढून टाकण्यात आले. नंतर तो रॉकिंग किंग्ज नावाच्या दुसऱ्या संचात गेला. हा संच बर्डलँड नामक नृत्यगृहात वाजवीत असे. एके रात्री त्याने गिटार रंगमंचाच्या मागे तशीच ठेविली, आणि ती चोरीस गेली. सॅक्सोफोन परत करून राखलेली ती गिटार! घरी हे वर्तमान कोणत्या तोंडाने सांगितले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. तथापि वडिलांनी पुन्हा एक गिटार घेऊन दिली.

ही दुसरी गिटार न्यू जर्सी प्रांतातील डॅनइलेक्ट्रो कारखान्यात तयार झालेली व सिअर्स या प्रचंड पेढीने सिल्व्हरटोन या नावाने विकलेली. अशा गिटारींची रचना मोठी चतुराईची होती. नॅथन डॅनियल या कारखानदाराने उंची लाकूड सोडून लाकडी चौकटीवर दाबलेल्या भुशाचे पुठ्ठ्यासारखे तक्ते बसविले, आणि चुंबक व गुंडाळ्या लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत घातल्या. आवाज मात्र असा स्वच्छ निघे की पुढे नामांकित वादकही ती मुद्दाम विकत घेऊ लागले. काटकसर कोठे करावी हे ज्यास कळते त्याच्या हातून अशी वस्तू निर्माण होते.

1961 च्या मे महिन्यात चोरीच्या मोटारीत बसलेला सापडल्यामुळे तुरुंग की सैन्य असा प्रश्न त्याच्यापुढे आला, आणि तो छत्रीधारी सैनिकांच्या पथकात भरती झाला. केंटकी प्रांतातील छावणीतून त्याने गिटार पाठवून देण्याविषयी वडिलांस लिहिले. ती आली, आणि तिच्या नादावरूनच बिली कॉक्स हा सैनिक, जो पुढे त्याचा आयुष्यभरचा सहवादक झाला, त्याच्याकडे ओढला गेला. सैन्यात जिमीचे चित्त लागले नाही. 1962 साली त्याला मुक्त करण्यात आले. मग काही वर्षे दुसऱ्यांच्या मागे उभे राहून वाजविण्यात गेली. 1964 साली न्यूयॉर्कमधील अपोलो नाट्यगृहाच्या नवोदितांच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले, ते पंचवीस डॉलरचे.

चॅस चँडलर नामक इंग्रज वादकाने त्याचे गुण हेरले व 24 सप्टेंबर 1966 रोजी तो त्याच्याबरोबर लंडनला उतरला. यानंतरची कीर्ती सर्वश्रुत आहे. या काळात त्याच्या हाती फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार होती. तीही उजव्या हाताची, तीही उलटी धरलेली. त्यामुळे बटणे वर आली, आणि तिरपी बसविलेली चुंबकाची पट्टी उलट फिरल्यामुळे जाड तारांचा सूर अधिक धारदार व बारीक तारांचा अधिक मृदू झाला. पाच डॉलरच्या गिटारीवर नाइलाजाने लागलेली सवय आता जगाच्या कानात भरली. 18 ऑगस्ट 1969 रोजी सकाळी वुडस्टॉकच्या संगीतमहोत्सवात त्याने याच वाद्यावर अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजविले, आणि त्यात बाँबचे स्फोट व विमानांचे घरघरणे ऐकू आल्याचा भास श्रोत्यांस झाला. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते.

त्याने केलेली एक गोष्ट मात्र आम्हास आवडत नाही. 18 जून 1967 रोजी मॉन्टेरे येथील महोत्सवात त्याने आपली गिटार रंगमंचावर पेटवून दिली. रसिकांनी त्यास कलेचा उत्कर्ष मानले. असेलही. परंतु झाडूवर वर्ष काढलेल्या मुलाच्या हातून हे व्हावे याचा विषाद वाटतो.

यशाबरोबर व्यसनेही आली. 1970 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणगृहाचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, 18 सप्टेंबर रोजी, लंडन येथे झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने गुदमरून त्याचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. देह सिअ‍ॅटलजवळील रेंटन गावी नेऊन पुरण्यात आला.

पुत्राच्या संगीताचे हक्क परक्यांच्या हाती गेले होते. त्यासाठी वृद्ध अ‍ॅल हेंड्रिक्स न्यायालयात गेले, आणि 1995 साली ते हक्क त्यांस परत मिळाले. 2002 साली ते वारले. रेंटनच्या त्याच दफनभूमीत त्यांना मुलाच्या सोबतीने जागा मिळाली आहे.