आकड्याला माणसाची साक्ष हवी

आम्ही वकिली करणारी माणसे एक गोष्ट रोज अनुभवतो. कागद एक सांगतो आणि साक्षीदार दुसरेच सांगतो. अशा वेळी शहाणा न्यायाधीश दोहोंपैकी एक फेकून देत नाही. तो कागद साक्षीवर आणि साक्ष कागदावर तपासून पाहतो. समाजशास्त्रात मात्र दोन पंथ दीर्घकाळ भांडत राहिले. एकाच्या मते जे मोजता येते तेवढेच सत्य. दुसऱ्याच्या मते माणूस आपल्या जगण्याचा काय अर्थ लावतो हे कळल्याशिवाय सत्य हाती लागतच नाही. दोन्ही पद्धती एकत्र वापराव्यात, हा विचार आज विद्यापीठांत नवा म्हणून शिकवला जातो. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वीच एका कृष्णवर्णीय विद्वानाने ते करून दाखवले होते. त्यांचे नाव विल्यम ड्यू बॉईस.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या गावी झाला. फिस्क विद्यापीठातून ते हार्वर्डला गेले. तेथे त्यांना विल्यम जेम्स हे तत्त्वज्ञ गुरू लाभले. कल्पनेची कसोटी अनुभवात व परिणामात असते, हा जेम्स यांचा फलप्रामाण्यवाद. कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे जॉन ड्यूई याच परंपरेतले. पुढे १८९२ ते १८९४ या काळात ड्यू बॉईस बर्लिनला शिकले. तेथे गुस्ताव श्मोलर यांच्याकडून त्यांनी इतिहास आणि सांख्यिकी यांच्या आधारे समाज अभ्यासण्याची शिस्त घेतली. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा अभ्यास करण्यास नेमले. शहरातील गुन्हेगारी व अनाचाराचे मूळ याच कृष्णवर्णीय वस्तीत आहे, असे प्रतिष्ठितांनी आधीच ठरवून टाकले होते. ड्यू बॉईस पत्नीसह त्या वस्तीतच राहायला गेले. नऊ हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या त्या वॉर्डात ते स्वतः प्रश्नावली घेऊन दारोदार फिरले. कुटुंब, व्यक्ती, घर, रस्ता, संस्था, घरकामगार यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या होत्या. घराघराचा नकाशा रंगवला, जुने दफ्तर चाळले, लोकांशी तासन्‌तास बोलले. लोक संशयाने पाहत. आपला अभ्यास व्हावा हे त्यांना रुचत नव्हते. आपलीच माणसे आपल्याला पुरती ठाऊक नाहीत, हेही त्यांना तेथेच उमगले.

१८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच त्यांनी प्रामाणिक कबुली दिली आहे. गणनेत चुका असतात, निरीक्षणात चुका असतात, आणि संशोधकाच्या मनात त्याचे स्वतःचे ग्रहही असतात. म्हणून सर्व पद्धती वापराव्यात, म्हणजे एकीची चूक दुसरीने काही अंशी दुरुस्त होईल. पद्धती एकत्र करण्याचे तात्त्विक अधिष्ठान यात आले आहे. सत्य आहे, पण ते कोणत्याही एकाच खिडकीतून पूर्ण दिसत नाही. या रीतीने त्यांच्या हाती आले ते असे, की त्या वस्तीच्या दैन्याचे मूळ रक्तात नव्हते. ते गुलामगिरीच्या इतिहासात आणि कातडीचा रंग पाहून कामाची दारे बंद करणाऱ्या मालकांत होते.

याच वर्षी एप्रिलमध्ये, ते अटलांटा विद्यापीठात असताना, जवळच सॅम होज या कृष्णवर्णीयाला जमावाने जाळून मारले. ड्यू बॉईस संयमी निवेदन घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत कळले, की होजच्या बोटांची हाडे एका दुकानात मांडली आहेत. ते माघारी वळले. केवळ निर्विकार संशोधन पुरणार नाही, हे त्यांना पटले. तरी संशोधन त्यांनी सोडले नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी रंगीत आलेख आणि शेकडो छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली. १९०६ मध्ये अलाबामातील लाउंड्स परगण्यात त्यांनी सरकारसाठी हजारो कुटुंबांची पाहणी केली. सरकारने ती छापली नाही. पुढे हस्तलिखितच नष्ट केले. सत्य दडपायचे असेल तर सत्ता काय करते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

१९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संघटनेचे ते एक संस्थापक. १९१० पासून १९३४ पर्यंत त्यांनी ‘द क्रायसिस’ हे तिचे मुखपत्र चालवले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉईस यांनी आस्थेने उत्तर दिले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी घानातील अक्रा येथे, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. तो आम्हाला हवाच होता. पण नुसता आकडा मुका असतो. ज्याच्या हाती तो जातो, त्याचीच भाषा तो बोलतो. किती मुलांनी शाळा सोडली हे गणना सांगेल. का सोडली हे ती मुलेच सांगतील. नुसती साक्ष मांडली तर प्रस्थापित तिला अपवाद म्हणून झटकतील. म्हणून चळवळीतील शिकलेल्या तरुणांनी एका हातात वही आणि दुसऱ्या हातात तक्ता घेऊन वस्तीत गेले पाहिजे. आमच्याविषयीचे सत्य दुसऱ्यांनी परस्पर ठरवू नये, असे वाटत असेल तर ही मेहनत आम्हालाच करावी लागेल.