शिलालेखांचा वाचक : सेनरत परणवितान

लंका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रावण उभा राहतो आणि सोन्याच्या लंकेपलीकडे आपली मजल सहसा जात नाही. वास्तविक त्या बेटावर दोन हजार वर्षांहून जुने शिलालेख शेकड्यांनी आहेत. डोंगरातल्या गुहांच्या कपाळावर, कोणी कोणती गुहा भिक्षुसंघाला दान दिली ते ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. गुहेसाठी तेथे जो शब्द येतो तो 'लेण'. आपल्या नाशिकच्या कोरीव लेखांतही तोच शब्द आहे आणि आपण आजही 'लेणी' म्हणतो. हे प्रथम वाचले तेव्हा परमुलखात गाववाला भेटावा तसे मला झाले. सिंहली लोकांचे हे दगडी दप्तर ज्यांनी आयुष्यभर वाचले, त्या सेनरत परणवितान यांची ही ओळख.

त्यांचा जन्म २६ डिसेंबर १८९६ रोजी गॉल शहराजवळच्या मेतारंबा या खेड्यात झाला. गावच्या शाळेनंतर त्यांनी बौद्ध विद्यापीठात, म्हणजे तिकडच्या 'पिरिवेना'त, जुन्या भाषांचे अध्ययन केले. काही काळ मास्तरकी केली आणि १९२३ मध्ये ते सिलोनच्या पुरातत्त्व खात्यात उमेदवार म्हणून शिरले. खात्याने त्यांना शिलालेखविद्या शिकण्यासाठी भारतात उटकमंडला पाठवले. पुढे म्हैसूरला हलवलेली भारत सरकारची शिलालेख कचेरी त्या वेळी तेथे होती.

तेथे शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे ठसा घेणे. दगड स्वच्छ धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशाने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. सगळा कागद काळा होतो, अक्षरे तेवढी पांढरी राहतात. दगड जागचा हलत नाही, पण ठसा कोठेही नेता येतो आणि दुसरा जाणकार आपले वाचन बरोबर की चूक ते ताडून पाहू शकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

१९२६ मध्ये ते खात्यात शिलालेखांचे साहाय्यक झाले. १९३२ पासून काही काळ त्यांनी खात्याची सूत्रेही हंगामी सांभाळली, पण कायमच्या खुर्चीवर पुन्हा इंग्रज अधिकारी आला. १९३६ मध्ये त्यांनी हॉलंडच्या लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय होता सिलोनचे स्तूप. अखेर १९४० मध्ये ते पुरातत्त्व आयुक्त झाले. त्या पदावर कायम नेमलेले ते पहिले देशी गृहस्थ. १९५६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

त्यांच्या सर्व कामांत मला सर्वांत आवडते ते सिगिरियाचे. रानातून एकाएकी वर उठलेला हा प्रचंड खडक. बापाला मारून गादीवर आलेल्या कश्यप राजाने पाचव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. खडकाच्या एका कपारीत स्त्रियांची सुंदर चित्रे आहेत आणि त्यांच्या खालून जाणाऱ्या वाटेला एक भिंत आहे. तिचा गिलावा घोटून इतका गुळगुळीत केलेला, की तिला आरसेभिंतच म्हणतात. कश्यप गेला, राजवाडा ओस पडला, पण चित्रे पाहायला लोक येतच राहिले आणि जाताना भिंतीवर टोकदार लेखणीने कविता खरडू लागले. बहुतेक कविता आठव्या ते दहाव्या शतकातल्या. त्यांत भिक्षू आहेत, राजघराण्यातले आहेत, साधे वाटसरू आहेत, स्त्रियाही आहेत. आपल्याकडे किल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांचा मला फार राग येतो, पण या मंडळींना माफ करावेसे वाटते. एवढी जुनी सिंहली कविता इतक्या संख्येने दुसरीकडे कोठेच उरलेली नाही.

ही अक्षरे केसासारखी बारीक, एकावर एक चढलेली, त्यात शेकडो वर्षांचे ऊनपाऊस. परणवितान यांनी कित्येक वर्षे खपून त्यांतल्या ६८५ कविता वाचल्या. व्याकरण आणि भाषांतरासह त्यांचे दोन मोठे खंड १९५६ मध्ये निघाले. पुढच्या अभ्यासकांनी त्याच भिंतीवर आणखी कविता वाचल्या.

आता जरा अवघड भाग. निवृत्तीनंतर ते सिलोन विद्यापीठात पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते. साठीनंतरच्या या काळात ते सांगू लागले की, जुन्या शिलालेखांच्या ओळींच्या मधल्या जागेत अतिशय बारीक अक्षरांत दुसरे लेख दडले आहेत आणि त्यांत हरवलेल्या संस्कृत इतिहासग्रंथांचे उतारे आहेत. त्यांच्या आधारे त्यांनी १९६६ मध्ये सिलोन आणि मलाया यांच्या संबंधांवर पुस्तक लिहिले, १९७१ मध्ये ग्रीक आणि मौर्य यांच्यावर, १९७२ मध्ये सिगिरियाच्या कथेवर. पण ती अक्षरे दुसऱ्यांना दिसेनात, ना दगडावर, ना ठशात. १९६७ मध्येच गुणवर्धन यांच्यासारख्या तरुण इतिहासकारांनी हे छापून सांगितले. आम्हा कॉमर्सच्या मुलांना पहिल्या वर्षीच शिकवतात की, ज्या नोंदीला व्हाउचर नाही ती नोंद हिशेबनीस कितीही थोर असला तरी धरायची नाही. तरीही ज्यांच्या पुस्तकांवर आपण वाढलो त्यांच्याविरुद्ध लिहिताना त्या तरुणांच्या मनाला काय वाटले असेल?

मला स्वतःला ते लबाड वाटत नाहीत. पैसा किंवा मान, दोहोंचीही त्यांना तेव्हा वाण नव्हती. पन्नास वर्षे पुसट रेघांकडे टक लावून पाहणाऱ्या डोळ्यांना पुढे नुसत्या दगडाच्या सुरकुत्याही बोलू लागल्या असाव्यात, असे मला वाटते.

आणि चमत्कार पाहा. याच वर्षांत, १९७० मध्ये, त्यांच्या प्राचीन ब्राह्मी लेखांचा पहिला खंड निघाला. त्यात हजाराहून अधिक लेख आहेत, गुहा कोणाची, दाता कोण, बाप कोण, हुद्दा काय. त्या बेटाच्या आरंभीच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला आजही तो उघडावाच लागतो. ४ ऑक्टोबर १९७२ रोजी परणवितान वारले. सिलोनचे नाव श्रीलंका होऊन तेव्हा साडेचारच महिने झाले होते. दुसऱ्या खंडाचा पहिला भाग त्यांच्या मागे, १९८३ मध्ये, छापून आला.